मावशीच्या ओळखीचा

“काही डिलीट करू नका. आणि त्याला एक अक्षरही लिहू नका.” पोलीस ठाण्यातल्या बाईंचा सकाळी फोनवर ऐकलेला आवाज तिच्या कानात अजून ताजा होता, तोच फोन वाजला. ती कामाला होती त्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मागच्या खोलीत, खोक्यांच्या आडोशाला, तिची अकरा वर्षांची लेक स्टुलावर पाय आवळून बसली होती. फोन थोरल्या बहिणीचा. सकाळपासून हीच तिला लावत होती. तिनं आवाज खाली आणला.

“हॅलो?… हां, ताई, बोल. अगं, होतीस कुठं?… बरं, बरं. हातातलं ठेव आणि बस आधी… नाही, कुणाला काही झालेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. बस म्हटलं ना… बसलीस?

“तुझ्या फोनवर एक माणूस आहे. फोटोत पिवळी टोपी, मागे पोहण्याचा तलाव… हो, तोच… सज्जन? कशावरून गं?… रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतो म्हणून? ताई, तू त्याला कधी पाहिलंयस? समोरासमोर?… मग ओळख कसली ही?

“एक मिनिट हं… आजोबा, ही जेवणानंतर. रिकाम्या पोटी अजिबात नको… हो, पाण्याबरोबरच… हं, बोल ताई.

“अगं, ऐक ना. तो खारूशी बोलतोय. पंधरा-वीस दिवस झाले… आपल्याच खारूशी, दुसरी कुठली? पहिलाच मेसेज काय, तर ‘तू खारू ना? मी मावशीच्या ओळखीचा’… हो ना! शाळेतसुद्धा कुणाला ठाऊक नाही ते लाडाचं नाव. पोरीला वाटलं, खारू म्हणतोय म्हणजे घरचाच असणार. वर तुझं नाव दिसतंय त्याच्या ओळखीत. लागली बोलायला.

“कुठून म्हणजे? तूच टाकलास ना फोटो! ‘आमच्या खारूला पोहण्यात पहिलं बक्षीस.’ गणवेशासकट, शाळेच्या बिल्ल्यासकट… नाही गं, टोमणा नाही मारत. कौतुकानं टाकलास, मला का कळत नाही? मीच नव्हता का त्याच्यावर बदाम दिला?

“कळलं कसं, ते ऐक. काल संध्याकाळी तिचे केस विंचरत होते. मला विचारते, ‘आई, मावशीच्या मित्राला काय म्हणायचं? काका की मामा? ते म्हणतात काका नको, नुसतं मित्र म्हण.’ कंगवा तसाच अडकून राहिला माझा… वय? कोण जाणे. तो फोटो तरी त्याचा कशावरून?

“आधी पोहण्याच्या गप्पा. मग शाळा कुठली, आई कामावर कधी जाते. मग ‘आईला सांगू नको, आपलं गुपित.’ मग हिचा फोटो मागितला… नाही, नाही पाठवला. देवानं राखली. आणि आता म्हणतोय, उद्या क्लास सुटला की मागच्या फाटकापाशी एकटी ये, बक्षीस देतो… ताई, रडू नको. आधी ऐकून घे, मग रड हवी तेवढी.

“ब्लॉक? आणि मग? उद्या तो दुसरी टोपी घालून येईल. आपल्याकडे नाही तर आणखी कुणाच्या पोरीकडे… नाही. घरातल्या घरात मिटवायचं नाही हे. आम्ही ठाण्यात चाललोय, आत्ताच. हे कामावरून परस्पर तिथंच येतायत… चिडायचं काय विचारतेस! काल रात्री त्याला लिहायलाच बसले होते, ‘मर्द असशील तर पत्ता दे.’ फोन काढून घेतला हातातून. म्हटलं, त्याला सावध करताय की पकडताय?… लोक? लोक घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत. पोरीनं काय केलंय तोंड लपवण्यासारखं? लपवायचं तर त्यानं लपवावं.

“काय?… थांब. पुन्हा सांग… त्यानं तुला विचारलं होतं? काय विचारलं होतं?… क्लास कधी सुटतो… आणि तू सांगितलंस.”

समोरच्या बाईंना खोकल्याचं औषध हवं होतं. तिनं फळीवरून बाटली काढली, स्वच्छच होती तरी पदरानं पुसली, पुन्हा एकदा पुसली, आणि मग हातात दिली.

“…आहे. ऐकतेय मी… ताई, तू गप्प का झालीस? काय करतेयस?… डिलीट? अगं, नको! बोट उचल! बोट उचल आधी!… किती गेलं?… एक फुलाचं चित्र? जाऊ दे ते. त्यानं विचारलेलं आणि तू सांगितलेलं, ते आहे ना?… तेच तर हवंय गं. इकडे पोरीला ‘मी मित्र’ म्हणतो, तिकडे मावशीकडून वेळ काढून घेतो. दोन्ही फोन शेजारी ठेवले की त्याचा डाव उघडा पडतो. ठाण्यात घेऊन ये तो.

“भाऊजी रागावतील, ठाऊक आहे. रागावू देत, त्यांचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, फुंकर मारली की खाली… चूक? आहे तुझी. नाही कशाला म्हणू? पण तू भोळेपणानं केलंस, त्यानं ठरवून केलं. दोघांना एका तागडीत नाही घालणार मी. पण फोन घेऊन आली नाहीस ना, तर मग मात्र… नाही, धमकी नाही. सांगून ठेवतेय.

“आत? जबाब देताना आत तिच्याजवळ कोण बसणार, ते तीच ठरवणार. शब्द दिलाय मी तिला. आणि ती सांगत असताना मी मधे बोलायचं नाही, असाही… हसू नकोस! माझं तोंड मला माहीत आहे. पोरीचं अर्धं वाक्य नेहमी मीच पुरं करते… थांब, विचारते तिला.”

फोन छातीशी धरून ती मागच्या खोलीत डोकावली. परतली तेव्हा आवाज आणखी हळू झाला होता.

“हॅलो… ये म्हणाली. पण बाहेरच्या बाकावर बस म्हणते. आणि… काही दिवस खारू म्हणू नका म्हणते… नाही गं, तुझ्यावर नाही रुसली. त्या नावाला त्याचा हात लागलाय ना… निघेल. धुऊन निघेल, वेळ लागेल. बरं, ऐक, चार्जर आण, तुझा फोन कायम मरायला टेकलेला असतो. आणि वाटेत काही बघत बसू नकोस त्यात… हॅलो? ताई? हॅलो?”

ताईनं केव्हाच ठेवला होता. बहुधा चपला शोधायला लागली असावी.

मालकांवर काउंटर सोपवून ती लेकीला घेऊन रस्त्यावर आली. दोघी कडेकडेनं चालू लागल्या. वळणाशी लेकीनं तिचं बोट ओढलं.

“आई, अजून एक आहे… जे मी काल नाही सांगितलं.”

तिच्या जिभेवर एकदम दहा प्रश्न आले. तिनं ओठ मिटले, चाल हळू केली, आणि लेक सांगेल तेवढा वेळ नुसती ऐकत राहिली.