अक्षरं सकाळी, फोड संध्याकाळी

श्रेया : नाही आबा, पूर्ण ऐका तर खरं. परत म्हणते. 'गुलाबाच्या फुलाला सुगंधाची साथ, देवांशचं नाव घेते, हातात घेऊन हात.' बोला, कसा आहे?

आबा : छान आहे. कोणाचा आहे?

श्रेया : कोणाचा म्हणजे? मोबाइलवर मिळाला. उखाणा आहे, कोणाचा कशाला असेल?

आबा : तेच म्हणतो मी. यातून तुझ्या देवांशला उतरव आणि शेजारच्या नंदूला बसव, तरी गाडी चालतेय. आमच्या तारघरात शुभेच्छांच्या तारा अशाच जायच्या. मजकुराला नंबर ठरलेला. इकडून नुसता नंबर खटखटवायचा, तिकडे छापील वाक्य नवरीच्या हातात. नवरी खूश, तारबाबू मोकळा.

श्रेया : म्हणजे बकवास आहे.

आबा : मी बकवास म्हटलं? मी छान म्हटलं.

श्रेया : तुमचं 'छान' मला चांगलं माहीत आहे. आबा, प्लीज ना. परवा सांवेरला सासरच्या दारात देवांशची दादी उभी राहणार आहे. तिनं पूर्ण मोहल्ल्याला सांगून ठेवलंय, मराठी बहू आ रही है, नाम लेगी. आणि देवांशनं तिला हे पण सांगितलंय की आमच्या घरच्या उखाण्यात अंग्रेजीची अक्षरं असतात. आता मी काय सांगू तिला? आजी गेली आणि दुकान बंद झालं?

आबा : बंदच झालं.

श्रेया : फक्त तीन अक्षरं द्या. फोडीन मी माझी मी.

आबा : तू फोडशील? काल मला म्हणालीस, 'आबा, कपडे सुखवायला टाकलेत.' वाळत घालतात बाई मराठीत.

श्रेया : तर काय झालं? वाळले ना?

आबा : वाळले. तोंडाला काही कमी नाही, ते घराण्यातूनच आलंय.

मधुरिमा : श्रेया! मेंदीवाली खाली येऊन बसलीये आणि तू इथे गप्पा ठोकतेस? आबा, हा तुमचा चहा. साखर कमी आहे, तोंड वाकडं करू नका.

श्रेया : आई, तूच सांग ना यांना. शेजारच्या सुरुचीमावशीला आजीनं दिला होता, तुला दिला होता, गल्लीतल्या सगळ्या मुलींना दिला. माझ्या वेळेसच सूखा का?

मधुरिमा : सुरुचीचा कोणता गं तो? ताकाचा?

आबा : 'एटीएम म्हणजे आई, ताक मिळेल? मानसचं नाव ऐकून खडीसाखरही विरघळेल.' मांडवात बँकेचे साहेब बसले होते, जिलबी घशात अडकली त्यांच्या. हसता हसता.

श्रेया : बघ! सगळे पाठ आहेत यांना. आई, तुझा सांग.

मधुरिमा : कितीदा तेच? बरं, ऐक. मी ग्वाल्हेरहून आले, दिवसभराचा प्रवास, आणि दारात हे आडवे उभे. खरं तर दार नणंदेनं अडवायचं. पण या घरात नणंदच नाही, म्हणून सासरे! मला घाम फुटला. तेवढ्यात आजी माझ्या कानाशी आल्या आणि मी त्यांच्या मागं मागं बोलत गेले. 'एसटीडी म्हणजे सासरी ठेवलाय डबा, मनीषरावांचं नाव घेते, दार सोडा आबा!'

आबा : आणि मी असा सरकलो की मागे उभ्या शेजारच्या उदयसिंहांच्या पायावरच पाय दिला.

श्रेया : एसटीडीच का पण?

मधुरिमा : तेव्हा गल्लोगल्ली फोनचे बूथ होते, बाहेरगावी फोन लावायचे. तुझ्या आबांनी सकाळी आजींना तेच दिलं असणार. मला मात्र पूर्ण रस्ताभर एकच वाटत होतं, कोपऱ्यावर बूथ दिसला की गाडी थांबवावी आणि आईशी बोलावं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आत गेले तर खरंच माझ्यासाठी डबा झाकून ठेवलेला. भरली वांगी. मी वांग्यांवरच रडले.

आबा : अक्षरं माझी होती बरं का त्यात.

मधुरिमा : अक्षरं तर बूथवर पण लिहिलेली होती, आबा.

आबा : अगदी असंच बोलायची ती. ही जिभेची धार सासूकडून सुनेकडे कधी आली, मला कळलंच नाही.

श्रेया : सुरू कसं झालं हे तुमचं? खरं खरं सांगा. मेंदीवाली थांबेल.

आबा : तारेत शब्दाला पैसे पडायचे ना बेटा. माणूस रडत रडत खिडकीशी येणार, 'लिहा, आईची तब्येत फारच बिघडली आहे, तुझी सारखी आठवण काढते, असशील तसा निघून ये.' मी ते कापून करायचो, 'आई सीरियस, ये.' नोकरीभर दुसऱ्यांचं बोलणं कापलं मी. नवीन लग्न झालेलं तेव्हाची गोष्ट. तुझ्या आजीनं विचारलं, 'अहो, ते कापलेलं सगळं जातं कुठे?' मी म्हटलं, तूच शोध. आणि सकाळी सायकल काढताना तिला तीन अक्षरं दिली, टी, एम, ओ. तारेची मनिऑर्डर म्हणजे टीएमओ. संध्याकाळी परत आलो तर दाराला आतून कडी. म्हटलं, उघड की! आतून आवाज आला, 'तुमचं माझं ओझं!' मग कडी निघाली.

श्रेया : कसली क्यूट होती आजी.

आबा : तेव्हापासून कायदा झाला. अक्षरं सकाळी, फोड संध्याकाळी. फोड ऐकायची, मग घरात शिरायचं. आणि आधीची फुटल्याशिवाय नवी मागायची नाहीत, द्यायचीही नाहीत. एनओसीवर ती आठवडाभर अडली होती, मी आठवडाभर ओसरीतच जेवलो-झोपलो, पण तिनं नवी मागितली नाहीत. मग एकदा मी सराफ्याच्या खाऊगल्लीतून कचोऱ्या चापून पोट बिघडवून आलो, तर दारातच, 'नवऱ्याला ओवा चारा!'

मधुरिमा : दवाखान्यातसुद्धा चालूच होतं यांचं. ऑपरेशनच्या आधी पलंगाला पाटी लावली, एनबीएम, तोंडानं काही द्यायचं नाही. आजी सिस्टरला म्हणाल्या, 'बाई, मला वाचता येतं. नुसती भूक मोठी.' ती बिचारी केरळची, तिला मी हिंदीत समजावलं तेव्हा हसली.

श्रेया : मग द्या ना आबा. मी पण अडीन आठवडाभर. नाही, आठवडा नाही, परवाच पाहिजे.

आबा : देता येत नाहीत.

श्रेया : पण का?

आबा : आत्ता सांगितला ना कायदा.

मधुरिमा : म्हणजे? आबा, आधीची बाकी आहेत?

आबा : चहा थंड केलास सूनबाई तू.

मधुरिमा : चहा राहू द्या. कोणती बाकी आहेत?

आबा : पी, टी, ओ. तिच्या केसपेपरच्या खाली डॉक्टरनं लिहिलेलं, पान उलटा म्हणून. सकाळची वेळ होती. मी आंघोळीला घरी येणार होतो. म्हटलं, हे घे आजचं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, 'इश्श, हे तर सोपं आहे. संध्याकाळी सांगते.'

मधुरिमा : आणि दुपारीच...

आबा : हो.

श्रेया : आबा, तुम्ही कोणाला सांगितलंच नाही?

आबा : काय सांगायचं? आणि कोणी काहीबाही फोडून दिलं असतं तर तेच डोक्यात चिकटलं असतं. मीच करून पाहिलं. पोहे, पापड, पाणी, ताक, तूप, सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं. मी कापणारा माणूस गं. जोडणारी ती होती. सोपं आहे म्हणाली होती, आणि मला इतकं सोपं सुचू नये, याचंच फार लागतं जिवाला.

मधुरिमा : आम्हाला वाटत होतं, तुम्ही आमच्यावर रुसलात. मनीष तर म्हणायचा, आई गेल्यावर आबांना आपल्याशी बोलायला काही उरलंच नाही.

आबा : मनीषला म्हणावं, वेडा आहेस.

श्रेया : 'पोहे तिखट, ओके?'

आबा : हट्!

श्रेया : 'पळा, तात्या ओरडले!'

आबा : तात्या कोण? आपल्यात कोणी तात्या नाही.

मधुरिमा : श्रेया, मस्करीची वेळ आहे का ही?

आबा : करू दे. तीही आधी असंच काहीबाही बडबडायची. मग एकदम थांबायची.

श्रेया : आबा, आजी तुम्हाला तू म्हणायची की तुम्ही?

आबा : तुम्ही. भांडतानासुद्धा तुम्ही.

श्रेया : मग टी तर झाला. ती फोड काही गल्लीसाठी नव्हती ना, तुमच्यासाठी होती. आता ओ. आई, ते पहेली घातल्यावर शेवटी काय म्हणतात मराठीत? बूझो तो जानें, तसं?

मधुरिमा : ओळखा पाहू.

श्रेया : ओळखा. आणि पान उलटल्यावर काय असतं? पुढचं. पुढे... आबा, 'पुढे तुम्ही ओळखा.'

(आबा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसतात आणि तसाच हातात धरून बसतात.)

श्रेया : चुकलं का?

मधुरिमा : आबा, पाणी देऊ?

आबा : नको. सोपंच होतं.

श्रेया : मी रडवलं तुम्हाला. सॉरी.

आबा : गप. हात पुढे कर. डावा नको. उजवा. मोबाइलवर मेसेज येतो तो कसला गं, सारखा विचारत असतात?

श्रेया : ओटीपी?

आबा : घे. ओ, टी, पी. ही तुझी.

श्रेया : आबा! थांबा, ओट्यावर...

आबा : मला नको सांगूस आत्ता! परवा सांग, तुझ्या त्या दादीसमोर. मी येतोय सांवेरला.

मधुरिमा : आबा, पाठवणी झाल्यावर मुलीकडचे लगेच पाठोपाठ जात नाहीत. लोक काय म्हणतील? घरी बसून फोनवर ऐका की.

आबा : फोड ऐकल्याशिवाय मी घरात एकदाच शिरलोय, सूनबाई. पुन्हा नाही शिरणार.