आकड्यावरची तिरपी रेघ

समारंभाचे अध्यक्ष माननीय सम्मेदशेठ, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आज निवृत्त होणारे आपले चनबसाप्पा, त्यांच्या सौभाग्यवती बसम्मावहिनी, आणि थेट आजऱ्याहून वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

मंगळवार पेठेतला आमचा छापखाना लग्नपत्रिका सोडून युरोपातल्या जुन्या संगीताची पुस्तकं जुळवायला लागला, ते चनबसाप्पांच्या जोरावर. हे संगीत मोठं मजेशीर. खर्जाचे सूर तेवढे लिहायचे आणि त्यांच्याखाली आकडे. वरचे सूर वाजवणाऱ्यानं आकडे बघून भरायचे. आकड्यावर तिरपी रेघ असली, तर तो सूर अर्ध्यानं चढवायचा. जुन्या छपाईसारखे आकडे आम्हाला कुठल्याच फॉन्टात मिळेनात. मग ते काढले कुणी? चनबसाप्पांनी, एकेक आकडा भिंगाखाली धरून. त्यात डोळे गेले. परवा त्यांनी मला म्हणून कपाटाला नमस्कार केला. हसा, हसा. ते रागवत नाहीत.

पहिल्या पुस्तकाचं प्रूफ माझ्या चिरंजीवांनी, चिरागनं वाचलं. आपल्या धंद्यात रेघ मारली म्हणजे काय? काढून टाका. पोरगं छापखान्यात वाढलेलं. त्यानं रेघेचे सगळे आकडे उडवले, पुस्तक तसंच गेलं आणि जर्मनीचं गिऱ्हाईक तुटलं. चूक कुणाची? चिराग म्हणाला, रेघ काढताना ती मारल्यासारखी दिसू नये, एवढं कळायला नको? मला पटलं. बाप आहे मी.

गेल्या आठवड्यात नवरा-बायको घरी आले. चनबसाप्पा म्हणाले, "तात्यासाहेब, दुसरं कायबी नगो. फॉन्टाला माझं नाव तेवढं द्या." वहिनी म्हणाल्या, "डोळं तर गेलंच की. नाव तरी ऱ्हाऊ दे." वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? चहा पाजला. बघू म्हणालो.

मघाशी पडद्यावर फॉन्टाचं नाव आलं, तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या? चनबसाप्पांनी. वहिनींनी हात धरला, तरी थांबेनात. चनबसाप्पा, ते नाव चिरागचं हाय.

अध्यक्षांचे आभार, आणि जेवणाआधी एवढं ऐकून घेतलंत म्हणून तुमचेही. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला. आता फोटो. वहिनी, रडणं मागनं. त्यांना तेवढं चिरागच्या शेजारी आणून उभं करा.