कुंपणावरचं पिवळं हेल्मेट

भूतबित मी मानत नाही, पण विंचूरजवळचं ते कुंपण आठवलं की हातातला चहा निवतो. कारखान्यात बॉयलर फुटून दत्तू गेला. निर्लज्ज मॅनेजर मात्र म्हणे, "तो त्या दिवशी कामावर आलाच नव्हता!" दत्तूच्या बायकोनं, मंगलनं, शेताचं कुंपण कारखान्याच्या भंगारातल्या चाकांनी सजवलं आणि ढिगाऱ्यात सापडलेलं त्याचं हेल्मेट मधल्या खांबावर बसवलं, तोंड कारखान्याकडे. दत्तूच्याच पाळीत काम करणारा मी, ते हेल्मेट दाखवायला मॅनेजरला ओढत तिथंच नेलं.

"डेकोरेशन झकास हं, वहिनी," म्हणत त्यानं हेल्मेट शेताकडे वळवलं.

गाडीपाशी येऊन मागे पाहिलं, तर हेल्मेट पुन्हा कारखान्याकडे, थेट आमच्याकडे बघत होतं. वारा नव्हता. मंगल लांब विहिरीवर होती.

"कोणी फिरवलं?" तो किंचाळला.

"ते तर आलेच नव्हते ना सायेब," तिनं तिथूनच विचारलं, "मंग आज कसे येतील?"