कोरड्या बोळ्याचं वजन

लक्ष्मीबाई : नऊ जणांनी रक्त दिलंय, डॉक्टरीणबाई. उद्यमबागच्या फाउंड्रीतनं माझ्या लेकाची, प्रेमानंदची, अख्खी पाळी आलती. आणि तुम्ही म्हणताय, सगळं चढवणार न्हाय?

डॉ. शाल्मली : लागेल तेवढंच, आजी. उद्या नवं लिव्हर बसवताना रक्ताकडं मीच बघणार. तुमच्या नातीच्या अंगात सगळं मिळून रक्त किती असेल, सांगा बघू?

लक्ष्मीबाई : आठ किलोचं लेकरू. असंल की कळशीभर.

डॉ. शाल्मली : पाण्याची लिटरची बाटलीसुद्धा भरणार नाही.

लक्ष्मीबाई : आगं बया! मग किती गेलं ते कळायचं कसं?

डॉ. शाल्मली : नळीनं ओढलेलं बाटलीत दिसतं. बाकीचं कापडाच्या बोळ्यांनी टिपतो आणि एकेक बोळा काट्यावर ठेवतो.

लक्ष्मीबाई : काट्यावर? मी तीस वर्सं निपाणीच्या वखारीत तंबाखू जोखली. कोरड्या बोळ्याचं वजन वगळता न्हवं? पोतं वगळलं न्हाय तर सगळं माप खोटं.

डॉ. शाल्मली : वगळतो, आजी. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं मला.

लक्ष्मीबाई : मग भरा की दणकून. हात का आखडता?

डॉ. शाल्मली : जास्त भरलं की शिरा फुगतात, आणखीच वाहतं. पातळ राहिलं तर थांबत नाही. लवकर गोठलं तर नव्या लिव्हरची नस बुजते. अगरबत्तीच्या काडीएवढी असते ती. म्हणून सारखे चार थेंब यंत्रात घालून बघायचं, कसं गोठतंय.

लक्ष्मीबाई : तंबाखूचंबी तसंच. पाणी जास्त मारलं की कुजती, कमी मारलं की चुरा. हातालाच कळतंय ते.

डॉ. शाल्मली : हो, तसंच.

लक्ष्मीबाई : सून आपल्या लिव्हरचा तुकडा देणार. दोघी एकदम आत. मी बाहेर बसून काय जोखू, सांगा.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी.)

डॉ. शाल्मली : आजी, तुमची सून पारमिता शुद्धीवर आली. आधी लेकीचंच विचारलं तिनं.

लक्ष्मीबाई : आणि लेक?

डॉ. शाल्मली : मधे बरंच वाहिलं. घाबरले होते मी. मग नवं लिव्हर लाल झालं, कामाला लागलं. नऊ जणांपैकी दोघांचंच रक्त पुरलं.

लक्ष्मीबाई : आणि शेवटचा बोळा? किती भरला?

डॉ. शाल्मली : कोरड्याएवढाच.

लक्ष्मीबाई : काटा नीट बघितलास न्हवं, पोरी?