काडी उचलू देत नाही

डब्याचं झाकण खणकन पडलं. हृदयविभागाबाहेर लेकीला भरवणारी आई ते उचलता उचलता शेजारचं बोलणं ऐकू लागली.

"अटॅकच्या आधी आजोबा स्वतःचं काय काय करायचे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काहीच नाही! ब्याण्णव वर्षांचे आहेत, काडी उचलू देत नाही आम्ही," आजोबांचा मुलगा अभिमानाने म्हणाला.

"मग 'फार अशक्त' लिहिते. अँजिओप्लास्टी झेपायची नाही."

"अहो, काहीतरीच काय!" सून पुढे आली. "हे कामावर गेले की बाबा दोन जिने चढून गच्चीतल्या झाडांना पाणी घालतात."

"आणि मला पत्ता नाही?"

"तुम्ही ओरडाल म्हणून शपथ घातली होती त्यांनी."

"मग खोडते हे. लगेच आत घेऊ त्यांना."

"आई, मला तर तू चमचाही धरू देत नाहीस," लेक म्हणाली. "माझं काय लिहितील?"