मटामावरच्या भेगा

न्हाई न्हाई, चिठ्ठी ऱ्हाऊ दे दस्तीच्या गाठीतच. चिठ्ठी मागून वाच. आधी बूड टेकव त्या दगडावर, सावली हाय तवर. ओव्हरशेर साहेबाची जीप औशाहून यायला घंटाभर लागंल, तवर मापं न्हाईत का काई न्हाई. तर तू बसम्माक्काची भाची — नाव काय म्हनलीस, गौरम्मा — उदगिराहून आलीस, दोन येष्ट्या बदलून. आणि तुझ्या आत्यानं सांगितलं, जा, गुणाबाई तलावाच्या कामावर मुकादमीन झाली हाय, तिच्या हाताखाली शीक, ती लावून घेईल. वा गं वा. दहा वर्सं झाली, बाईनं एक सांगावा धाडला न्हाई, आणि आता धाडली तर सबंध भाचीच. कोणत्या तोंडानं धाडली, ते इचारलंस का निघताना? न्हाई ना. तुमच्या घरात इचारायची चाल न्हाई, नुसतं सांगायची हाय.

लातूरचा जिल्हा झाला तवापासून ह्येच शिकवाशिकवीचं खूळ चालू हाय. पैल्यांदा कशाला बी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता कलेक्टर लातुरातच बसतो. त्यात अवंदा पावसानं दगा दिला, रोजगार हमीची कामं निघाली, आणि कामाच्या मागं निघाले भाषणवाले. गेल्या म्हैन्यात एक मॅडम आल्त्या, काळा चष्मा लावून. म्हनल्या, बाईनं बाईला हात धरून शिकवलं पायजे, वर आणलं पायजे. मी मागं उभी. मनात म्हनलं, बाईसाहेब, हाताला धरून एक वर आली की हात देणारी कुठं जाती, ते बी सांगा की. त्ये न्हाई सांगितलं. च्या पिऊन गेल्या.

अक्कानं मला शिकवलं? शिकवलं की, मी कुठं न्हाई म्हनते. बहात्तरचा दुष्काळ — तू तवा परकरात असशील. हितनं दोन कोसावर नाल्याचा बांध चालू होता. मी एकोणीस वर्साची, नवऱ्यानं टाकलेली, टोपली उचलायची. आणि अक्का बायांची मुकादमीन. बाई मुकादम त्या वक्ताला कुठं दिसायची? साऱ्या तालुक्यात ती एकली. दुपारी बाया सुकडी खाऊन आडव्या व्हायच्या आणि ही मला टेप धरायला लावायची. मातीत आकडे गिरवून घ्यायची. आठ उलटा पडला की टेपाची पितळी कडी बोटावर. आणि एकदा, एकदा बी चांगलं म्हनली न्हाई. "गुणे, डोकं बरं हाय तुझं, घाई वाईट हाय." झाली शाबासकी. अशा शिकवण्याला काय वाळवून खायचंय का? आकडे आले मला, हाव, पण अक्षरं आजून येत न्हाईत. तिथवर पोचायच्या आधीच बाईसाहेब गेल्या.

का गेल्या म्हून काय इचारतीस — समोर बघ. खड्डा खांदला की मधी हा मातीचा खांब तसाच सोडायचा, त्याला कुदळ लावायची न्हाई. ह्यो मटाम. ह्यो जेवढा उंच, तेवढा खड्डा खोल. साहेब ह्यालाच टेप लावतो, माणसाला इचारत न्हाई. अक्का म्हनायची, माणूस खोटं बोलंल, मटामाला खोटं बोलू देऊ नको. तर तिच्या चार टोळ्यांतल्या एकीनं — होती एक बाई — सांजच्याला मटामावर वीतभर माती चढवली, खड्डा खोल दिसावा म्हून. आता दुष्काळातली जमीन कशी असती? भेगाळलेली, हात जाईल आत. चढवलेल्या मातीला भेग कुठनं येणार? तर बाई हुशार, तिनं बसून खुरप्यानं भेगा काढल्या. वाकड्या, तिकड्या, मधीच एक रुंद. लई झाक दिसत होत्या. मला वाटलं जमलं — तिला वाटलं. सकाळी साहेबानं त्या भेगेत काडी घातली. बोटभर गेली आणि अडली.

कामून केलं? अगं आदल्या दिवशी अक्का साहेबाम्होरं म्हनली होती, सगळ्या बायांच्या देखत, गुणीची टोळी मागं हाय. मागं होतीच म्हना, ते येगळं. पण सगळ्यांच्या देखत? म्हनलं थांब, तुला दाखवते खोल काय असतं ते.

काय बघाय लागलीस? हाव, मीच.

साहेबानं इचारलं, कोणी केलं. मी वाकून टोपली भरायला लागले. आणि अक्का पुढं. "माझी देखरेख, माझी चूक," म्हनली. साहेबानं तिथंच तिच्या हातातला टेप काढून घेतला. मग आकडे येणारी दुसरी कोण? मी. तिसऱ्या दिवशी ती डोक्यावर गठुडं घेऊन बांधाजवळच्या रस्त्यानं गेली, आणि मी तिच्याच टेपानं मापं घेत होते. मान वर केली न्हाई. पण मी म्हनते, तिला कोणी सांगितलं होतं पुढं व्हायला? मी पाया पडले होते? असल्या मोठेपणाची मला चीड हाय. आपण मोठं व्हून निघून जायचं आणि दुसरीनं जलमभर खाली बघायचं. आणि तिला तर ठाऊक बी न्हाई कोणाचं काम होतं ते. ठाऊक असतं तर उभी चिरली असती मला. भाची धाडली असती व्हय?

तवा ऐक, मी कोणाला शिकवत नसते. दहा वर्सांत एकीच्या हातात टेप दिला न्हाई. शिकवलेली बाई काय करती, मला चांगलं म्हाईत हाय. सांच्या येष्टीनं जा परत.

जीप आली बघ, तो धुरळा. वाच आता ती चिठ्ठी, लौकर वाच आणि हो मोकळी.

काय?

परत वाच. हळू वाच.

"गुणे, पोरीचं डोकं बरं हाय, घाई वाईट हाय, तुझ्यावाणी. हिला मटाम राखायला शिकव. खुरप्यानं भेगा काढू देऊ नको."

खुरपं लिवलंय? दाव, कुठं लिवलंय. बोट ठेव त्याच्यावर. हे — हे अक्षर खुरप्याचं? आणि लिवलंय बी तिनंच, तिच्या हातानं. म्हंजे तिला त्याच दिवशी...

घडी कर ती. दे हिकडं. ऊठ, साहेब उतरला. हे टेपाचं टोक धर मटामाच्या पायाशी. आजून खाली. घाई करू नको. माझ्याकडं काय बघतीस, आकडा बघ.