हिराकाकीच्या पिक्चरमधली माणसं

अंजूरच्या वडीलधाऱ्यांना, गावकऱ्यांना, आणि शिफ्ट बदलून आलेल्या माझ्या गोडाऊनच्या बायांना नमस्कार करते. मला भाषण येत नाही. बोलणं काकीचं होतं. मी फक्त तिच्या शेजारी उभी राहून खोक्यांना टेप लावायचे. आज तिच्या फोटोशेजारी उभी आहे, तर हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही.

मी रेखा. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये हिराकाकीच्या पॅकिंग टेबलावर काम करते. समोर पहिल्या खुर्चीवर बसलेत ते बाळूकाका, काकीचे मालक. त्यांच्या रिक्षातून तुम्ही सगळे कधी ना कधी फिरला आहात. काकी गेली तेव्हापासून काका रडलेले नाहीत. धड जेवत नाहीत, बोलत नाहीत. जो येतो तो खांद्यावर हात ठेवून सांगतो, पुरुष माणूस तू, खंबीर राहा. मला त्या खंबीरपणाचीच भीती वाटते. म्हणून मी माईक घेतला.

काकीला खुनाचे पिक्चर फार आवडायचे. थ्रिलर म्हणतात ते. रविवारी टीव्हीवर बघायची आणि सोमवारी आम्हाला टेबलावर सांगायची. हातही चालू, तोंडही चालू. भीतीची जागा आली की टेप चर्रकन ओढायची. आम्ही किंचाळायचो! कुणाचं बोट कापलं की काय म्हणून सुपरवायझर धावत यायचा.

आता पिक्चरमधली बाई तुम्हाला माहीत आहे. मोठा बंगला, बाई एकटी. वीज जाते. आणि ही बया मेणबत्ती घेऊन तळघरात उतरते! इथे काकी टेप खाली ठेवायची. "अगं बायांनो, वीज गेली तर आपण काय करतो? आधी दारात जाऊन बघतो, सगल्यांची गेली का आपलीच गेली. आपलीच गेली तर शेजारणीला हाक मारतो. हिला शेजारीण न्हाय काय?"

मग काकी तिला शेजारीण द्यायची. एक नाही, चांगल्या चार. कुणाच्या हातात मुसळ, कुणाच्या हातात मासे कापायची कोयती. खुनी चपला टाकून पळायचा. आम्हाला वाटायचं, पिक्चर असाच आहे.

आणि तिथेच आम्ही फसलो. काकीनं सांगितलेला एक पिक्चर भिवंडीच्या थेटरात परत लागला. काकी भाचीच्या हळदीला गेली होती, म्हणून आम्ही टेबलवाल्या तिच्याशिवायच गेलो. वीज गेली. पोरगी तळघरात उतरली. आम्ही सावरून बसलो, आता हाक मारेल, आता येतील चौघी. कुणी आलं नाही. पोरगी इंटरवलच्या आधीच मेली.

आम्ही थेट डोअरकीपरला धरलं. आमच्यातली सुमन म्हणाली, "आमचा सीन का कापला? शेजारणी कुठे गेल्या?" तो बिचारा म्हणतो, "मौसी, कौनसा सीन? लडकी तो मर गई." आम्ही म्हटलं, अशी कशी मेली? आम्हाला माहीत हाय ना!

दुसऱ्या दिवशी काकीला घेरलं. ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "त्यांनी तिला एकटी ठेवली, म्हणून ती मेली. माझ्या टेबलावर मी कुनाला एकटी ठेवत न्हाय."

हे खरं होतं हो. मी नवीन होते तेव्हा एक माणूस रोज गेटपासून माझ्या मागे यायचा. लाजेनं मी कुणाला बोलले नव्हते. एका संध्याकाळी मागे वळून बघितलं, तर तो नव्हता. अख्खं टेबल माझ्या मागे चालत होतं. हातात डबे, आणि पुढे काकी.

आणि पिक्चरमधला पुरुष? तो कधी घाबरत नाही. बायको गेली तरी डोळ्यांत टिपूस नाही. दात आवळतो, काळा चष्मा लावतो आणि निघतो. काकी सांगायची तो इन्स्पेक्टर तसा नव्हता. भीतीनं त्याचे हात थरथरायचे. मधेच घरी फोन करून विचारायचा, जेवलीस का? आणि शेवटी पायरीवर बसून ढसाढसा रडायचा. आम्ही हसायचो. असला कुठे हिरो असतो काय!

एकदा मी विचारलं, "काकी, असा माणूस कुठल्या पिक्चरमध्ये बघितलास?"

टेप लावता लावता म्हणाली, "पिक्चरमध्ये न्हाय. माझ्या घरात हाय. भीतीचा सीन आला का माझा हात धरतो. लेकीच्या पाठवणीला माझ्याआधी रडला, आन् मग डोलं पुसून सगल्यांना पानी देत फिरला. आसा मानूस घरात आसला का बाईला कशाचं भ्या वाटत न्हाय."

काका, तो इन्स्पेक्टर तुम्ही होता. आमच्या टेबलावरच्या प्रत्येक बाईला तुम्ही माहीत आहात. तुमचं रडणं आम्ही किती वेळा ऐकलंय, तेही काकीच्या तोंडून. तिला तोच माणूस आवडायचा. दात आवळणारा नाही.

आता आपण सगळे उभे राहू आणि थोडा वेळ गप्प राहू. काका, तुम्ही बसूनच राहा. तिची सगळी बाया-माणसं तुमच्या मागे उभी आहेत. तुम्हाला एकटं ठेवणार नाही.

आणि रडू आलं तर रडा, काका. हा सीन इथे कुणी कापणार नाही.